दुभाष्याचा कबुलीजबाब

१

खण मीच उघडला. आत पेन्सिली होत्या, एक कापडी पिशवी होती, खोकल्याच्या गोळ्यांचं अर्धं पाकीट होतं. रेकॉर्डर नव्हता.

"नीट बघा," बायकोचा कोर्टातला जोडीदार म्हणाला. "मागे सरकला असेल."

मी खण पूर्ण बाहेर ओढला आणि टेबलावर उपडा केला. पेन्सिली घरंगळत खाली गेल्या, तेवढंच झालं. लेक खाली वाकून त्या गोळा करायला लागली.

माझी बायको कोर्टात दुभाषी होती. ज्याला इंग्रजी येत नाही अशा आरोपीशेजारी उभं राहायचं, न्यायाधीश इंग्रजीत काय म्हणाले ते त्याला त्याच्या भाषेत सांगायचं, आणि तो काय म्हणाला ते न्यायाधीशांना इंग्रजीत सांगायचं, हे तिचं काम. पुढे ती नव्या दुभाष्यांचा वर्गही घ्यायची. विषय एकच, फौजदारी निकालातले इंग्रजी शब्द. लोकांना वाटतं कन्व्हिक्शन म्हणजे शिक्षा. तसं नाही. कन्व्हिक्शन म्हणजे गुन्हा शाबित झाला, एवढंच. शिक्षा म्हणजे सेंटेन्स, ती नंतर. आणि या दोन्हींच्या मधे आरोपीला विचारतात, शिक्षेबद्दल तुला काही सांगायचं आहे का. "त्या मधल्या वेळात माणसं जे बोलतात ना," ती म्हणायची, "ते ऐकायला मी ही नोकरी करते." मी चष्म्याच्या काचा घासतो. मला इंग्रजीतले नंबर तेवढे वाचता येतात. पण हे शब्द जेवताना ऐकून ऐकून माझ्याही तोंडात बसले.

आजार वाढला तसा वर्ग बंद पडला. मग ती या टेबलाशी बसून, दार लावून, राहिलेले धडे रेकॉर्डरवर बोलायला लागली. शेवटचा धडा शिक्षांच्या प्रकारांचा. तो संपवून ती आडवी झाली ती पुन्हा टेबलाशी आलीच नाही.

रेकॉर्डर जोडीदाराला द्यायचा, तो वर्गाला ऐकवेल, असं ती सगळ्यांसमोर सांगून गेली होती. मुलांची परीक्षा तोंडावर आली होती. तरी मला तो देववत नव्हता. मी तो ऐकलाही नव्हता. खणात आहे एवढं मला पुरत होतं. फोटो ढीगभर आहेत, पण तिचा आवाज या घरात दुसरीकडे कुठेच नव्हता.

जोडीदाराने खुर्ची ओढली आणि माझ्याकडे बघितलं.

"राग मानू नका," तो म्हणाला. "पण तो माझ्या हातात पडू नये असं सगळ्यात जास्त कुणाला वाटत होतं?"

२

जोडीदार हे नाव माझं नाही, तिचं. लांब चालणाऱ्या खटल्यात दुभाषी दोघं बसतात. एक बोलतो, दुसरा ऐकत राहतो, अडलं तर शब्द पुरवतो, मग अदलाबदल. दोघं एकमेकांना जोडीदार म्हणतात, त्यांच्याकडची रीत. पण लग्नाचा नवरा मी, आणि रोज संध्याकाळी माझ्याच ताटासमोर बसून "आज जोडीदार काय म्हणाला माहितीये?" हे ऐकायचं. मला ते बोचायचं. माणूस दिसायला बरा, शर्टाला कायम इस्त्री. दिवसभर तिच्या शब्दाला कान देऊन बसणं हे त्याचं कामच. माझ्या वाट्याला यायचा तो दमलेला, उरलासुरला आवाज.

मी एकदा कामाला दांडी मारून त्या दोघांना बघायला कोर्टात गेलो होतो. तेव्हा बोलत होता तो. हात मागे बांधलेले, नजर समोरच्या भिंतीवर, आवाजात चढ नाही की उतार नाही. आणि म्हणत काय होता, तर "मी त्याला जिन्यावरून ढकललं." मी चरकलो. बायकोने घरी येऊन समजावलं. दुभाष्याने 'तो म्हणतो' असं म्हणायचंच नसतं. आरोपी 'मी' म्हणाला की दुभाष्यानेही 'मी'. ती स्वतः कधी कधी घरात पाऊल टाकता टाकता सांगायची, "आज मी दोन घरं फोडली हो, उद्या मारामारी आहे."

"मीच लपवला असता तर तुमच्यासमोर खण उघडला असता का?" मी जोडीदाराला म्हणालो.

"तसं करणारेही असतात. मी त्यांच्या वतीने बोललोय."

"बरं. मग तुमचं बघू. गेल्या रविवारी सगळे चहाला जमलो होतो, त्यानंतर तुम्ही या टेबलाशी एकटे बसला होतात. खण उघडलात?"

"नाही."

"मग काय करत होतात?"

"तिची खुर्ची होती," तो म्हणाला. "म्हणून बसलो."

मी दुसरीकडून धरलं. "त्याच रविवारी तुम्ही म्हणालात, रेकॉर्डिंगमधला खोकला आणि घरातले आवाज कापून टाकणार."

"वर्गाला शब्द स्वच्छ ऐकू यायला हवेत. मागे कसलं तरी मशीन घरघरतं, असं तीच म्हणाली होती."

"ते माझं मशीन."

"माहितीये मला."

काचा घासायचं एक लहान मशीन मी घरी मागच्या खोलीत ठेवलंय. त्याने 'माहितीये' ज्या सुरात म्हटलं, तो सूर मला आवडला नाही. माझ्या घरातलं त्याला फार माहीत होतं.

तो उठला. दारात चपला घालताना म्हणाला, "वर्गातल्या त्या वकीलसाहेबांना विचारा. काल येऊन गेली म्हणे. रेकॉर्डर मागायला, तोही एकटीसाठी."

मी लेकीकडे बघितलं. तिच्या मुठीत अजून पेन्सिली होत्या.

"आली होती," लेक म्हणाली. "तुम्ही दुकानात होता. मी परत पाठवलं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

३

वकीलसाहेब म्हणजे बायकोच्या वर्गातली पहिल्या नंबरची मुलगी. प्रत्येक वाक्यावर वाद घालायची म्हणून हे नाव. ती वाचनालयात खिडकीजवळ बसली होती, पुढ्यात जाडजूड पुस्तकं.

"मागितला, काका," ती म्हणाली. "नाही कशाला म्हणू?"

"एकटीसाठी?"

"एकटीसाठी. दुभाष्याची जागा एक आहे आणि वर्ग भरलेला आहे."

"म्हणजे तुला मिळावा आणि बाकीच्यांना मिळू नये."

"अगदी तसंच. ऐकायला वाईट वाटतं, पण खरं आहे."

"मग घेतलास?"

तिने पुस्तक माझ्याकडे फिरवलं, जसं काही मला ते वाचता येणार होतं. "घेतला असता तर इथे बसून कन्करंट आणि कन्सेक्युटिव्ह घोकत बसले असते का? दोन गुन्ह्यांच्या दोन शिक्षा. दोन्ही एकाच वेळी भोगायच्या तर कन्करंट. एक संपली की दुसरी सुरू, तर कन्सेक्युटिव्ह. पाठ झालंय. पण उभं राहिल्यावर उलटं तोंडात येतं. आणि हे उलटं झालं तर समोरचा माणूस निम्मं आयुष्य आत जाणार आहे असं समजून तिथेच कोसळतो. बाई असं घोकून घेतच नव्हत्या. प्रत्येक शब्दाला घरातलं एक उदाहरण द्यायच्या. प्रोबेशन म्हणजे तापत्या दुधाजवळ उभं राहणं. दूध सोडून दिलेलं नाही आणि ओतूनही टाकलेलं नाही, फक्त नजर आहे. सस्पेंडेड सेंटेन्स म्हणजे खुंटीवर टांगलेली छडी. वागलात नीट तर ती तिथेच राहते."

"मग या दोन शब्दांचं उदाहरण?"

"तेच तर नाही ना. हा धडा वर्गात झालाच नाही. त्या म्हणाल्या, याचं नवीन काहीतरी सुचलंय, घरी रेकॉर्ड करते. मी सरांनाही विचारून बघितलं. ते पुस्तकातलंच सांगतात."

सर म्हणजे जोडीदार. मी उठलो तशी तिने पुस्तक मिटलं.

"काका, आवाज हवासा वाटायला माणसाला परीक्षाच द्यायची असते असं नाही. बाई गेल्यापासून सर कोर्टात त्यांच्या खुर्चीवर कुणाला बसू देत नाहीत. परवा मी नुसती पिशवी ठेवली, तर उचलायला लावली."

मी जिना उतरलो तेव्हा माझा निकाल झाला होता. पुराव्याची वाटसुद्धा बघावीशी वाटत नव्हती.

४

संध्याकाळी टीव्ही लागेना. ऐकायचं काहीच नव्हतं, पण घरात कुणीतरी बोलत असलं की बरं वाटतं. मी रिमोट दाबून दाबून बघितला.

"सेल संपले असतील," लेक स्वयंपाकघरातून म्हणाली.

ती रोपवाटिकेत काम करते. नखांत कायम माती. कोर्टाशी तिचा काही संबंध नाही. आई वर्गाबद्दल बोलायला लागली की ही ताट उचलून उठायची.

मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. तिने दोन भांडी चढवली होती, एकात चहा आणि एकात भात.

"आता कशाला चहा? जेवायची वेळ झाली."

"होऊ दे की. दोन शेगड्या आहेत. दोन्ही कन्करंट. एकीवरच उरकत बसलं तर वेळ जातो." तिने कप काढले. तीन.

माझं लक्ष तिच्याकडे नव्हतं. मी जोडीदाराच्या खोलीचा विचार करत होतो. तो एकटा राहतो. तिथे टेबल असेल, टेबलावर रेकॉर्डर, आणि इस्त्रीचा शर्ट घालून तो तिचा आवाज ऐकत बसला असेल. मधलं माझं मशीन कापून.

बेल वाजली.

दारात तोच होता. मी "या" म्हटलं नाही आणि त्यानेही पाऊल आत टाकलं नाही. हात मागे बांधून उभा राहिला. माझ्याकडे न बघता माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे बघत होता.

"रेकॉर्डर मी घेतला," तो म्हणाला.

५

मी चौकट धरली.

"रेकॉर्डर मी घेतला," तो पुढे म्हणाला, एका सुरात. "माझ्याकडेच आहे. तो मला कुणाला द्यायचा नाही. तिचा आवाज त्या सगळ्यांनी आधीच पोटभर ऐकलाय. मी दाराबाहेर बसायचं, आणि ती आत त्यांच्याशी बोलणार. तुम्ही सगळ्यांना विचारत फिरलात. मला विचारलं नाहीत. मला—"

मी दार लावलं. त्याच्या तोंडावर लावलं. असं मी आयुष्यात कुणाला केलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. इतके दिवस मनात धरलेलं त्याने स्वतः कबूल केलं होतं.

स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज थांबला होता. लेक बाहेर आली नाही.

मी खुर्चीत बसलो. हातात रिमोट तसाच होता. बरं वाटणं फार टिकलं नाही. त्याचं एक वाक्य खटकत राहिलं. तुम्ही मला विचारलं नाहीत. असं कसं? मी सगळ्यात आधी त्यालाच तर विचारलं होतं. खण उघडलात का, काय करत होतात, सगळं. आणि दाराबाहेर? तो कुठल्या दाराबाहेर बसला होता? ती रेकॉर्ड करायची तेव्हा तो कोर्टात असायचा.

मग त्याचे मागे बांधलेले हात आठवले, आणि भिंतीवरची नजर.

मी रिमोट उलटा केला आणि मागचं झाकण सरकवलं. सेल संपले नव्हते. सेल नव्हतेच.

मी उठून दार उघडलं. तो गेला नव्हता. जिन्याच्या पहिल्या पायरीवर, कठड्याला टेकून उभा होता.

"आत या," मी म्हणालो. "तुमचं बोलणं अर्धं राहिलं."

६

मी दोघांना टेबलाशी बसवलं. लेकीने तिन्ही कप आणून ठेवले. कुणी हात लावला नाही.

"तीन कप," मी तिला म्हणालो. "हे येणार हे तुला माहीत होतं."

ती कपाकडे बघत राहिली.

"रेकॉर्डरला बारीक सेल लागतात, रिमोटला लागतात तेच. बाहेरचा कुणी चोर आमचा रिमोट उघडून सेल काढत बसणार नाही. रेकॉर्डर घरातच वाजतोय, इतका की सेल संपतायत." मग मी जोडीदाराकडे वळलो. "कन्करंट म्हणजे दोन शेगड्या एकदम पेटवणं. कन्सेक्युटिव्ह म्हणजे एकाच शेगडीवर एकामागून एक उरकणं. हे उदाहरण कधी ऐकलंत?"

"नाही," तो म्हणाला. मग स्वतःशीच म्हणाल्यासारखं, "दोन शेगड्या. वर्षानुवर्षं हे शब्द बोलतोय. मला नाही सुचलं." त्याला ते लागलं, हे मला दिसलं.

"वर्गात कुणालाच माहीत नाही. ते शेवटच्या धड्यात आहे आणि तो धडा कुणी ऐकलेला नाही. पण आज माझ्या स्वयंपाकघरात मी ते ऐकलं." मी लेकीकडे बघितलं. "आणि सगळ्यांना विचारत फिरलो, तुला तेवढं विचारलं नाही. मघाशी दारात बोलत होते हे, पण 'मी' तू होतीस."

"दुपारी कोर्टात गेले होते," लेक म्हणाली. "त्यांना म्हटलं, माझ्या वतीने बाबांना सांगा. मी म्हणेन तसंच सांगा, पदरचं काही घालू नका."

"म्हणून पदरचं काही घातलं नाही," जोडीदार म्हणाला. "शेवटी सांगणारच होतो की हे शब्द कुणाचे. तुम्ही त्याच्या आधी दार लावलंत."

"मग बेल वाजवायची. ओरडायचं."

"वाटलं, राहू दे. माझ्यावर तुमचा राग जुनाच आहे, त्यात थोडी भर पडेल. पोरीवर नवीन कशाला?"

हे त्याला कळत होतं, इतकी वर्षं. मी विषय बदलला. "माझ्याशी बोलायला तुला दुभाषी लागतो?" मी लेकीला विचारलं.

"लागतो," ती म्हणाली. "आई होती तोवर ती होती. तुमचं मला सांगायची, माझं तुम्हाला. ती गेल्यापासून तुम्ही मागच्या खोलीत, मी पुढच्या. मला तुमचं मशीन तेवढं ऐकू येतं."

मी चहाचा कप उगाच सरकवला. गार झाला होता.

"बरं," मी म्हणालो. "गुन्हा शाबित झाला. कन्व्हिक्शन. आता शिक्षेच्या आधी विचारायचं असतं. सांग, काय सांगायचंय ते."

ती हसेल असं वाटलं होतं. ती रडली. मग ओढणीने नाक पुसून बोलायला लागली.

"ती दार लावून त्यांच्यासाठी बोलायची. मी बाहेर पाण्याचा तांब्या घेऊन बसलेली. तिच्यात जो काही दम उरला होता तो सगळा त्या परीक्षावाल्यांना. मला काय, तर 'नंतर बोलू गं.' मग नंतर राहिलंच नाही. मला त्या पोरांचा राग येतो, बाबा. त्या वकीलसाहेबाला तर मी दारातच उभी केली, आत येऊ दिलं नाही."

"म्हणून घेतलास?"

"म्हणून नाही. रविवारी हे म्हणाले, घरातले आवाज कापणार." तिने जोडीदाराकडे बघितलं नाही. "शेवटच्या धड्यात ती मधेच थांबते आणि म्हणते, 'जरा पाणी दे गं.' आणि मी म्हणते, 'आले.' पूर्ण रेकॉर्डरमध्ये तेवढंच माझं आहे. ते घरातले आवाज झाले."

जोडीदाराने कप उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. "मला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"कॉपी काढून घ्यायची होतीस," मी म्हणालो.

"कॉपी निघाली की ती सगळ्यांची होते."

वाद घातला असता, तर मी तो रेकॉर्डर इतके दिवस खणात का ठेवला होता, हे मलाच विचारावं लागलं असतं.

ती उठून गच्चीत गेली आणि रिकाम्या कुंडीतून रेकॉर्डर घेऊन आली. प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेला. तिने तो टेबलावर ठेवला आणि बटण दाबलं.

आधी खरखर आली. मग आमची ही बोलायला लागली. पहिली काही वाक्यं मला कळलीच नाहीत, नुसता आवाज येत होता. मग कळायला लागलं.

"...तर समजा, दोन शेगड्या आहेत," ती सांगत होती. पाठीमागे घरघर चालू होती. मी मागच्या खोलीत कुणाच्या तरी काचा घासत होतो. ती थांबली. आवाज चढवला. "अहो! ते जरा थांबवता का? मी इथे शिक्षा सुनावतेय." घरघर बंद झाली. मग माझा आवाज आला, लांबून, "किती वर्षांची?" आणि ती हसली. हसता हसता खोकला आला. "जरा पाणी दे गं." आणि दाराबाहेरून लेक, "आले."

हे बोललेलं मला आठवतही नव्हतं. मी तिथे होतो, एवढा स्पष्ट.

लेकीने बटण दाबून थांबवलं. "शिक्षा?" तिने विचारलं.

"तुला आणि मलाही," मी म्हणालो. "तू एकटी ऐकत होतीस, मी ऐकतच नव्हतो. आता रोज संध्याकाळी या टेबलाशी बसून ऐकायचं. दोघांनी, एकाच वेळी."

"कन्करंट," ती म्हणाली.

"तेच. आणि तुम्ही," मी जोडीदाराला म्हणालो, "तुम्ही कॉपी न्या. मुलांची परीक्षा आहे. पण काही कापायचं नाही. पाणी नाही, खोकला नाही, मशीन नाही."

"वर्गाला मधे मधे अडेल."

"अडू दे."

त्याने मान हलवली आणि जायला उठला. उठताना रेकॉर्डरकडे बघितलं. ते बघणं मला ओळखीचं होतं. मी महिनाभर त्या खणाकडे तसंच बघत आलो होतो.

"बसा," मी म्हणालो. "धडा पुरा व्हायचाय."

तो बसला. तिच्या खुर्चीवर नाही, बाजूच्या. लेकीने चहा पुन्हा गरम करायला ठेवला आणि मी बटण दाबलं. त्याला नीट ऐकू यावं म्हणून लेकीने रेकॉर्डर टेबलाच्या मधोमध सरकवला. थोड्या वेळाने, कुणाचं लक्ष नाही असं बघून, मी तो माझ्या बाजूला ओढून घेतला.